वाऱ्याची वाटणी

७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमधील एका धावपट्टीवर फ्रान्सिस फोर नावाचा शर्यतपटू ज्या सायकलीवर बसून फेऱ्या मारू लागला, ती सायकल पाहून अनेकांना हसू आवरले नसेल. 'बसून' हा शब्दही येथे तितकासा बरोबर नाही. दुपारच्या वेळी आरामखुर्चीत वर्तमानपत्र घेऊन मनुष्य जसा रेलतो, तसा तो रेललेला होता. पाठ मागच्या टेकूला लागलेली, पाय समोर पसरलेले आणि पायडले पोटाच्या समोर फिरत असलेली. चाके नेहमीच्या सायकलीपेक्षा लहान होती. एक तास संपला तेव्हा त्याने ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडले होते. ऑस्कर एग या स्विस खेळाडूने १९१४ साली पॅरिसमध्येच ४४.२४७ किलोमीटरांचा उच्चांक केला होता, आणि त्याला एकोणीस वर्षे कोणी हात लावू शकले नव्हते. फोरने तो आठशे आठ मीटरांनी मागे टाकला.

आता गंमत अशी, की फोर हा त्या काळच्या अव्वल खेळाडूंपैकी नव्हता. शर्यतपटूंच्या वर्गवारीत त्याची गणना दुसऱ्या श्रेणीत होत असे. त्याचा भाऊ बेनुआ फोर हा 'तूर द फ्रान्स'मधील घाट चढणारा सायकलपटू म्हणून त्याच्यापेक्षा अधिक प्रसिद्ध होता. मग दुसऱ्या श्रेणीच्या या माणसाने पहिल्या श्रेणीतील सर्वांना मागे टाकले ते कशाच्या बळावर? पायांच्या बळावर म्हणावे, तर तेच पाय उभ्या सायकलीवर इतके पळत नव्हते. याचे उत्तर वाऱ्यात आहे. आणि पुढे या सायकलीवर जी आपत्ती आली, तिचेही मूळ वाऱ्यातच आहे. म्हणून मूळ कथेकडे वळण्यापूर्वी थोडे वाऱ्याविषयी बोलले पाहिजे.

पावसाळ्याच्या दिवसांत समोरून वारा सुटला म्हणजे शाळेत जाणारी मुले सायकलीच्या हँडलवर छाती टेकवतात, कोपरे अंगाशी घेतात आणि मान खाली घालतात. हे त्यांना कोणी शिकविलेले नसते. वाऱ्यासमोर आपला आकार जितका लहान, तितका त्रास कमी, हे शरीराला आपोआप कळते. मात्र वाऱ्याचा हिशेब किती जबर आहे, याची कल्पना पुष्कळांना नसते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्या विरोधावर मात करण्यासाठी दर क्षणाला खर्चावी लागणारी शक्ती आठपट होते. ताशी चाळीस किलोमीटरांच्या पुढे सपाट धावपट्टीवर पळणारा खेळाडू आपल्या श्रमांपैकी सुमारे नऊ दशांश भाग निव्वळ हवा बाजूला सारण्यात घालवितो. उरलेला एक दशांश चाके आणि साखळी यांच्या वाट्याला येतो.

ही हवा दुसऱ्या कोणी बाजूला सारून दिली तर काय घडते, याची दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. ३० जून १८९९ रोजी अमेरिकेतील लाँग आयलंड येथे चार्ल्स मर्फी नावाच्या सायकलपटूने रुळांच्या मधोमध फळ्या अंथरवून घेतल्या आणि आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागे, त्या डब्याला लावलेल्या आडोशाच्या आत राहून, एक मैल अंतर ५७.८ सेकंदांत कापले. म्हणजे ताशी शंभर किलोमीटर! दुसरे उदाहरण १९२८ सालचे. फ्रान्समधील मोंलेरीच्या धावपट्टीवर लेओन व्हांडरस्टाइफ्ट या बेल्जियन खेळाडूने मोटारसायकलीच्या आडोशाने एका तासात १२२.७७१ किलोमीटर मजल मारली. एगच्या तेव्हाच्या उच्चांकाच्या जवळजवळ पावणेतीन पट. मनुष्य तोच, पाय तेच. फक्त समोरचा वारा काढून घेतला.

आगगाडी आणि मोटारसायकल ही झाली यंत्रे. परंतु माणूसही माणसाला असा आडोसा देऊ शकतो, आणि सायकलींच्या सांघिक शर्यती उभ्या आहेत त्या याच पायावर. चौघांच्या संघाची पाठलागाची शर्यत १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम झाली. दोन संघ धावपट्टीच्या समोरासमोरच्या बाजूंनी निघतात. प्रत्येक संघातील चौघे एकामागोमाग एक, पुढच्याचे मागचे चाक आणि मागच्याचे पुढचे चाक यांत वीतभर अंतर ठेवून धावतात. सर्वांत पुढचा गडी वारा फोडतो. अर्धी किंवा एक फेरी झाली, की तो वळणाच्या उंच कडेवर चढतो, तिघांना खालून पुढे जाऊ देतो आणि उतरत येऊन रांगेच्या शेपटीला चिकटतो. मग दुसऱ्याची पाळी. मागे असणाऱ्यांचे श्रम चतुर्थांश ते तृतीयांश कमी होतात. तेवढ्यात ते दम घेतात. संघाची वेळ धरली जाते ती तिसऱ्या गड्याच्या पुढच्या चाकावरून, पहिल्याच्या नव्हे. ही तरतूद मला फार अर्थपूर्ण वाटते. एकट्या वाघाचा येथे उपयोग नाही; चौथ्याला खर्ची घालता येते, पण तिघांनी एकत्र पोचलेच पाहिजे.

दुसरी जोडीची शर्यत. तिचा जन्म तर दयेपोटी झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सहा दिवसांच्या शर्यती होत, आणि एकेक गडी रात्रंदिवस सायकल हाकत असे. झोपेवाचून भ्रमिष्ट झालेली माणसे धावपट्टीवर पडू लागली, तेव्हा न्यूयॉर्क राज्याने कायदा केला, की एका माणसाने दिवसातून बारा तासांहून अधिक वेळ शर्यत करू नये. आयोजकांनी त्यावर तोड काढली: दोघांची जोडी करावी, एकाने पळावे, दुसऱ्याने विसावा घ्यावा. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ही पद्धत १८९९ मध्ये सुरू झाली, म्हणून तिला 'मॅडिसन' हेच नाव पडले. फ्रेंच लोक तिला 'अमेरिकन शर्यत' म्हणतात. तीत पळून थकलेला गडी आपल्या जोडीदाराचा हात धरतो आणि आपला सगळा वेग त्या हातातून झोका दिल्याप्रमाणे त्याला देऊन टाकतो.

सांगण्याचा मुद्दा एवढाच, की धावपट्टीवरचे जग ही वाऱ्याची वाटणी आहे. आज मी तुझ्यासाठी वारा खातो, उद्या तू माझ्यासाठी खा. प्रतिस्पर्धीसुद्धा या देवघेवीतून सुटत नाहीत. समोरच्याच्या पाठीमागे लपून शेवटच्या फेरीत त्याला गाठणे ही तर शर्यतीतील जुनी आणि मान्य लबाडी! या जगात शार्ल मोशेची सायकल अवतरली.

मोशे हे नाव ऐकून आमच्या बायबलमधील मोशेची आठवण कोणास झाली तर आश्चर्य नाही. पण हा मोशे पॅरिसजवळच्या प्युतो येथील कारखानदार होता, आणि त्याचे नाव फ्रेंच उच्चारामुळे मराठीत तसे दिसते इतकेच. तो १८८० मध्ये जन्मला होता आणि लहान, हलक्या मोटारी बांधीत असे. त्याचा मुलगा जॉर्ज याला सायकल हवी होती. परंतु मुलगा सायकलीवरून पडेल ही आईची धास्ती. तेव्हा बापाने मुलासाठी चार चाकांची, पायडलांनी चालणारी लहानशी गाडी तयार केली. ती इतकी चपळ निघाली, की शेजारपाजारच्या सायकलवाल्या मुलांना ती मागे टाकू लागली. त्यातून मोशेने मोठ्या माणसांसाठी शेजारी शेजारी दोन बैठका असलेली 'व्हेलोकार' काढली. मोटार परवडत नाही अशी कुटुंबे ती घेत. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा तिची मागणी आणखी वाढली. दोन माणसे शेजारी बसून पायडले मारीत बाजारहाट करून येत आहेत, हे दृश्य त्या काळच्या फ्रान्समध्ये विरळ नव्हते.

ही चारचाकी सरळ रस्त्यावर वेगवान होती. पण वेगात वळण घेताना कलंडू पाहत असे. तीन चाके करून पाहिली, तरी तीच अडचण. अखेर मोशेने जणू व्हेलोकार मधोमध उभी चिरली आणि तिचा अर्धा भाग उचलला. दोन चाके, एक बैठक. वळणावर सायकलीप्रमाणे आत झुकणारी. पहुडून चालविण्याच्या सायकलीची ही कल्पना अगदी प्रथमच निघाली असे नव्हे, पण तिला शर्यतीत उतरविण्याचा हट्ट मोशेचा.

त्याने हे काम चोरून केले नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. आंतरराष्ट्रीय सायकल संघाने १९१४ पासून वाऱ्याला चुकविणारी आवरणे निषिद्ध ठरविली होती. कारण त्याआधी १९१३ मध्ये एत्येन ब्यूनो-व्हारिया या फ्रेंच माणसाने सायकलीला माशासारखे टोकदार कवच चढविले होते, आणि मार्सेल बेर्ते हा नामांकित गडी ती 'टॉर्पेडो सायकल' घेऊन उच्चांक मोडीत सुटला होता. मोशेच्या सायकलीला असले कोणतेही कवच नव्हते. साध्या नळ्या, साधी चाके, साखळी आणि माणूस. फक्त माणूस निराळ्या तऱ्हेने ठेवलेला. सायकल नियमात बसते, असा निर्वाळाही त्याने उच्चांकाच्या आधीच संघाकडून मिळविला होता.

फोरने ही सायकल धावपट्टीवर आणली तेव्हा सहस्पर्धकांनी त्याची टर उडविली. झोप आली असेल तर घरी जा, या थाटाची ती थट्टा. शर्यत सुरू झाल्यावर थट्टा ओसरली. पाच हजार मीटरांच्या अंतरात त्याला गाठणे कठीण होऊन बसले. त्याच वर्षी पोल मोरां याने याच घडणीच्या सायकलीवर पॅरिस-लिमोझ ही रस्त्यावरची शर्यत जिंकली.

आता मघाची वाऱ्याची वाटणी आठवावी. फोर पुढे असला, तर मागे येणाऱ्या उभ्या सायकलपटूला त्याच्यापासून काय मिळणार? पहुडलेला माणूस हवेत जे भोक पाडतो ते बसके आणि अरुंद. मागच्याचे गुडघे कदाचित त्या भोकात मावतील. छाती, खांदे आणि डोके उघड्या वाऱ्यातच राहणार. फोर मागे असला, तर मात्र पुढच्याच्या प्रशस्त सावलीत तो सगळाच्या सगळा मावतो. म्हणजे हा गडी घेतो, पण देत नाही! त्याच्या मनात लबाडी नव्हती. त्याच्या सायकलीची घडणच तशी होती. धावपट्टीवरच्या मंडळींचा संताप केवळ मत्सराचा होता असे जे आज सर्रास सांगितले जाते, ते मला पुरेसे वाटत नाही. मत्सर होताच. परंतु ज्या देवघेवीवर त्यांचा सगळा खेळ उभा होता, ती देवघेवच हा पहुडलेला माणूस मोडीत काढतो आहे, हेही त्यांच्या पायांना कळले असले पाहिजे.

प्रकरण आंतरराष्ट्रीय संघापुढे गेले. मध्यंतरी, २९ ऑगस्ट १९३३ रोजी, मोरीस रिशार या फ्रेंच खेळाडूने बेल्जियममधील सिंट-ट्रुइडेन येथे नेहमीच्या सायकलीवर ४४.७७७ किलोमीटर अंतर कापून एगचा आकडा ओलांडला होता. त्यामुळे प्रश्न बिकट झाला. फोरचा उच्चांक खरा मानावा, तर रिशारला काहीच मिळत नाही. रिशारचा मानावा, तर फोरची सायकल ही सायकल नव्हे असे म्हणावे लागते. १९३४ च्या आरंभी संघाने हा दुसरा मार्ग पत्करला. सायकल म्हणजे काय, याची नवी व्याख्या तयार झाली. पायडलांची धुरी जमिनीपासून २४ ते ३० सेंटिमीटरांच्या दरम्यान असावी, सीटचे टोक तिच्यामागे १२ सेंटिमीटरांहून अधिक नसावे, अशी मापे ठरली. १ एप्रिल १९३४ पासून ती अंमलात आली. त्या मापांत मोशेची सायकल बसणे शक्यच नव्हते. फोरचा आकडा निराळ्या रकान्यात टाकला गेला आणि रिशारचे नाव मुख्य यादीत चढले.

आमच्याकडे फेस्ताच्या दिवशी चर्चच्या पटांगणात मुलांची 'सावकाश सायकल' शर्यत असते. पाय टेकायचा नाही, आणि शेवटी पोचेल तो पहिला. एका वर्षी एक मुलगा चाकांतली जवळजवळ सगळी हवा सोडून आला. सायकल चिखलात रुतल्यासारखी सरके, आणि तो आरामात जिंकला. वडीलधाऱ्यांत वाद माजला. नियमात काही लिहिलेले नव्हते, म्हणून त्या दिवशी त्याला बक्षीस द्यावे लागले. पुढच्या वर्षीपासून शर्यतीपूर्वी चाके दाबून पाहण्याची पद्धत सुरू झाली. परीक्षकांत मीही होतो आणि नवा नियम मला योग्य वाटला. तरीही मुलाचे बक्षीस कोणी परत मागितले नव्हते. १९३४ च्या निर्णयात मला खटकते ते नेमके हेच. पुढील शर्यतींसाठी नियम करावयास हरकत नव्हती. पण आधी निर्वाळा दिलेल्या सायकलीचा, झालेल्या शर्यतीतला आकडा मागाहून बाजूला सारणे हे न्यायाचे नव्हते.

शार्ल मोशे त्याच वर्षी, १९३४ मध्ये, मरण पावला. त्याच्या सायकलीचा शर्यतीतील मार्ग बंद झाल्याने तिच्याकडे वळू पाहणारे इतर कारखानदारही परतले. सामान्य ग्राहकाला शर्यतवीर वापरतो तशी सायकल हवी असते. शर्यतीतून गेलेली वस्तू हळूहळू दुकानातूनही जाते. आपण आज ज्या घडणीच्या सायकली वापरतो, ती घडण मुळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहे, यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

तथापि हट्टी माणसे होतीच. मघाशी उल्लेखिलेला मार्सेल बेर्ते वीस वर्षांनी पुन्हा कवचाकडे वळला. १८ नोव्हेंबर १९३३ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो मोंलेरीच्या धावपट्टीवर 'व्हेलोदीन' नावाची बंदिस्त सायकल घेऊन उतरला. कवच होते, पण आत तो नेहमीप्रमाणे ओणवा बसलेला होता. तासाअखेर आकडा आला ४९.९९२ किलोमीटर. पन्नासाला आठ मीटर कमी! आठ मीटर म्हणजे त्या वेगात अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक. सत्तेचाळीस वर्षांच्या त्या माणसाने घड्याळाकडे पाहून काय म्हटले असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. ते आठ मीटर ५ मार्च १९३९ रोजी भरून निघाले. मोशेचा मुलगा जॉर्ज, ज्याच्यासाठी पहिली चारचाकी झाली होती तोच, आता तरुण झाला होता. त्याने वडिलांच्या पहुडसायकलीवर कवच चढविले, आणि फ्रान्सिस फोरने तीवरून एका तासात ५०.५३७ किलोमीटर अंतर कापले. पुढे कोणाचाही आडोसा न घेता एका तासात पन्नास किलोमीटर ओलांडणारा तो पहिला सायकलपटू. सहा महिन्यांत युद्ध सुरू झाले आणि ही गोष्ट मागे पडली.

यानंतरही सायकल संघाला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवावा लागला. १९९३ मध्ये ग्रॅम ओब्री या स्कॉटिश खेळाडूने, हात छातीखाली दुमडून ओणवे बसण्याची स्वतःची तऱ्हा काढून, ५१.५९६ किलोमीटरांचा उच्चांक केला. त्याच्या सायकलीत धुलाई यंत्रातून काढलेल्या बेअरिंगा बसविल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्या बैठकीवर बंदी आली. मग त्याने हात थेट पुढे ताणून, उडणाऱ्या माणसासारखी दुसरी बैठक काढली. १९९६ च्या मँचेस्टर येथील जागतिक स्पर्धेत इटलीच्या चौघांनी ती उचलली आणि चार किलोमीटरांची सांघिक पाठलागाची शर्यत ४ मिनिटे ०.९५८ सेकंदांत पुरी केली. हा उच्चांक चार वर्षे टिकला. बैठक मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस निषिद्ध झाली. २००० मध्ये तर संघाने तासाचा अधिकृत उच्चांक जुन्या पद्धतीच्या सायकलीवरच धरावयाचे ठरविले, आणि १९७२ मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको शहरात केलेला ४९.४३१ किलोमीटरांचा आकडा पुन्हा मोजमापाचा आधार झाला. २०१४ मध्ये तो निर्णयही फिरविला गेला. पहुडसायकलीला मात्र दार उघडले नाही.

मग या सायकलींची मंडळी गेली कोठे? त्यांनी आपली वेगळी पंगत मांडली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील प्राध्यापक चेस्टर काइल आणि त्यांचे सहकारी यांनी कोणत्याही घडणीच्या मानवचलित वाहनांची स्पर्धा भरविली, आणि पुढील वर्षी त्यासाठी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. नियम साधा होता: शक्ती माणसाची असावी, बाकी काहीही चालेल. इंग्लंड, हॉलंड, जर्मनी येथेही तशी मंडळे निघाली. पहुडसायकलींच्या शर्यती बंदिस्त धावपट्ट्यांवर होऊ लागल्या.

येथे एक जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. सगळेच पहुडलेले असतील, तर वाऱ्याची वाटणी व्हावी कशी? उभ्या सायकलींच्या रांगेत जे शहाणपण शंभर वर्षांत साठले, त्यातले पुष्कळ येथे उपयोगी पडत नाही. पुढच्याने हवेत पाडलेले भोक लहान, म्हणून मागच्याला मिळणारी सवलतही लहान. पुढच्याची पाळी संपवून मागे येण्यात जो वेळ आणि दम खर्च होतो, तो वसूल होण्यास उशीर लागतो. पायडले ज्यांच्या पुढच्या चाकाच्याही पुढे आहेत अशा सायकलीत तर अंतर चाकापासून मोजून भागत नाही. आपला पाऊलच सर्वांत पुढे असतो. वीतभर अंतर राखावयाचे ते बुटाच्या टोकापासून! शिवाय दृष्टी खाली असल्यामुळे पुढच्याच्या पलीकडे काय चालले आहे हे दिसत नाही. त्याच्या पाठीमागच्या टेकूकडे पाहत विश्वासाने धावावे लागते. उभा सायकलपटू वेग एकाएकी वाढवावयाचा झाला तर सीटवरून उठतो आणि सगळे वजन पायडलावर टाकतो. पहुडलेल्याला उठताच येत नाही. म्हणून पाळी बदलताना पुढच्याने एकदम जोर केला तर रांग तुटते, आणि तुटलेली रांग पुन्हा जोडणे येथे अधिक महाग पडते. मॅडिसनमधील हाताचा झोका तर विसरावयाचाच. अशा संघात गती राखण्याचा सगळा भार एकसारख्या, शांत, न उसळणाऱ्या श्रमांवर येतो. चौघांपैकी सर्वांत बलवान गड्याने आपले बळ दाखवू नये, हीच त्याची कामगिरी.

एकट्याच्या आकड्यांत मात्र पहुडसायकल कल्पनेपलीकडे गेली आहे. फिलिप्पो गान्ना या इटालियन खेळाडूने ८ ऑक्टोबर २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधील ग्रेन्शेन येथे संघमान्य सायकलीवर एका तासात ५६.७९२ किलोमीटर अंतर कापले. त्याच्या सहा वर्षे आधीच, २०१६ मध्ये, जर्मनीतील एका चाचणीपट्टीवर कवच असलेल्या पहुडसायकलीने एका तासात ९२ किलोमीटरांची मर्यादा ओलांडली होती. त्याच वर्षी अमेरिकेतील नेवाडा राज्यात एका सरळ रस्त्यावर अशाच सायकलीचा क्षणिक वेग ताशी १४४ किलोमीटरांवर पोचला.

पण या आकड्यांपेक्षा माझे मन रमते ते १९८० मधल्या एका प्रवासात. कॅलिफोर्नियात 'व्हेक्टर' नावाचे तीन चाकांचे, पाण्याच्या थेंबासारख्या आकाराचे मानवचलित वाहन तयार झाले होते. त्याच्या दुहेरी प्रकारात दोन गडी पहुडलेले असत, आणि कवच लांबट होऊ नये म्हणून दोघांच्या पाठी एकमेकांना लावलेल्या. पुढच्याचे तोंड रस्त्याकडे, मागच्याचे तोंड मागे. वारा फोडण्याची पाळी येथे उरलीच नाही. दोघांनी मिळून एकच भोक पाडावयाचे. पुढच्याने वळण, खड्डा, चढ पाहावा आणि पायांना सांगावे. मागच्याने केवळ पाठीला लागलेल्या टेकूतून आणि साखळीच्या ओढीतून ते समजून घ्यावे. त्या वर्षी या जोडीने थोड्या अंतरावर ताशी ६२.९२ मैल वेग गाठला. आणि एकदा ते चक्क मोटारींच्या हमरस्त्यावर उतरले. स्टॉकटन ते सॅक्रामेंटो हे सुमारे चाळीस मैलांचे अंतर त्यांनी ताशी पन्नास मैलांहून किंचित अधिक सरासरीने तोडले. त्या वेळी अमेरिकेत मोटारींनाच ताशी पंचावन्न मैलांची मर्यादा होती. मागे तोंड करून बसलेल्या त्या गड्याने सबंध प्रवासात पुढचा रस्ता एकदाही पाहिला नाही. त्याला दिसत होत्या त्या फक्त मागून येणाऱ्या मोटारी, आणि त्यांतली तोंडे.